कुटुंब न्यायालय, मोफत वकील आणि १४४१६ हेल्पलाइन: मैत्रिणीच्या घटस्फोटात कोणती सेवा किती कामाची?

पंचविशी-तिशीतल्या मुलीचा संसार मोडतो तेव्हा घरचे बहुतेक वेळा दोनच गोष्टी करतात. आधी "जरा सांभाळून घे" म्हणून गळ घालतात, आणि ते जमलं नाही की ओळखीतला वकील शोधतात. बाकीचं सगळं मैत्रिणींच्या अंगावर येतं: कागद गोळा करणं, तारखेला सोबत जाणं, भाड्याची खोली बघणं, रात्री दीड वाजता आलेला फोन उचलणं. हा आढावा अशा मैत्रिणींसाठी आहे. महाराष्ट्रात घटस्फोटाच्या वाटेवर ज्या सरकारी आणि मोफत सेवा मिळतात, त्या प्रत्यक्षात कशा चालतात, कुठे अडतात आणि अडल्यावर काय करायचं, एवढंच यात पाहिलं आहे.

मत आधीच सांगतो. लोक समजतात त्यापेक्षा या सेवा बऱ्याच चांगल्या आहेत. पण त्या सगळ्या एक गोष्ट गृहीत धरून चालतात: बाईबरोबर कोणीतरी आहे. अर्ज भरायला, रांगेत उभं राहायला, साहेब काय म्हणाले ते लक्षात ठेवायला. ते कोणीतरी नसेल तर मोफत वकील असूनही प्रकरण रखडतं. असेल, तर साधा परस्पर संमतीचा घटस्फोट फारशा खर्चाशिवाय आणि पुष्कळ कमी मनस्तापात होतो.

इथलं बहुतेक वर्णन हिंदू विवाह कायद्याखालच्या लग्नाचं आहे. विशेष विवाह कायद्याखाली नोंदणी केलेल्या लग्नाला कलम २८ मध्ये जवळपास हीच पद्धत आहे. मुस्लिम आणि ख्रिस्ती लग्नांचे नियम वेगळे, गोव्यात तर नागरी कायदाच वेगळा. तिथे पहिल्याच दिवशी त्या कायद्यातला वकील गाठावा.

आधी सुरक्षितता

मारहाण, धमकी, कोंडून ठेवणं यातलं काही चालू असेल तर घटस्फोटाचा अर्ज हे पहिलं पाऊल नाही. तातडीला ११२, आणि महिलांसाठी १८१. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर सुरू केलेला महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष आता राज्याच्या अनेक जिल्ह्यांत पोलिसांच्या आवारात चालतो. आमच्या मते राज्यातली ही सर्वांत कमी माहीत असलेली आणि सर्वांत उपयोगी सेवा आहे. तिथे बसतात ते प्रशिक्षित सामाजिक कार्यकर्ते. तक्रार लिहायला, सासरी अडकलेले कागद-सामान आणायला, नवऱ्याला बोलावून घ्यायला ते मदत करतात. जागा पोलिसांच्या आवारात असल्याने समोरच्यावर वचक राहतो.

राहायलाच जागा नसेल तर 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये पाच दिवसांपर्यंत तात्पुरता निवारा मिळतो. पाच दिवस फार थोडे आहेत. म्हणून मैत्रिणींनी त्या पाच दिवसांतच पुढची खोली ठरवून टाकायची.

२००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडून घरगुती घटना अहवाल, म्हणजे झालेल्या हिंसेची अधिकृत लेखी नोंद, भरून घ्यावा. या कायद्याच्या कलम १७ नुसार घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. "घर माझं, चालती हो" असं कुणी म्हणालं तर ते कायद्याला धरून नाही, हे तिला कळणंसुद्धा मोठा आधार असतो. या कायद्याखाली केलेल्या अर्जावर पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा, असं कायदा सांगतो. व्यवहारात बहुधा जास्त वेळ लागतो. तिला तसं आधीच सांगून ठेवा.

मोफत वकील

विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ च्या कलम १२ नुसार प्रत्येक स्त्रीला मोफत कायदेशीर मदत मिळते. उत्पन्नाची अट नाही. महिना साठ हजार कमावणारी मुलगीसुद्धा पात्र आहे, आणि नेमकं हेच बहुतेक मुलींना माहीत नसतं. जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. तिथे एक साधा अर्ज आणि ओळखपत्राची प्रत द्यायची. फोनवर विचारायचं असेल तर १५१०० हा राष्ट्रीय क्रमांक आहे, ऑनलाइन अर्जही होतो.

मिळणाऱ्या वकिलाचा दर्जा मात्र सारखा नसतो. पॅनेलवरचे काही जण कौटुंबिक खटल्यांत मुरलेले असतात, काहींचं बहुतेक काम फौजदारी न्यायालयात चालतं. म्हणून अर्जातच लिहावं: "कुटुंब न्यायालयात नियमित काम करणारे, शक्यतो महिला वकील मिळाव्यात." पहिल्या भेटीत तीन प्रश्न विचारावेत. तारखेला तुम्ही स्वतः येणार की कनिष्ठ? आपलं बोलणं फोनवर की संदेशावर? अर्जाचा मसुदा दाखल करण्यापूर्वी वाचायला मिळेल का? तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर तो वाईट संकेत समजा. न वाचता सही केलेल्या अर्जांतच लग्नाची तारीख, वेगळं राहायला लागल्याची तारीख, पत्ता असल्या चुका राहतात आणि मग दुरुस्तीच्या अर्जात दोन-तीन तारखा जातात.

नेमलेल्या वकिलाची फी प्राधिकरण देतं. त्यांनी पैसे मागायचे नाहीत. मागितले, किंवा फोनच उचलत नसतील, तर भांडत बसू नका. प्राधिकरणाच्या सचिवांच्या नावे वकील बदलून मिळण्याचा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. सचिव हे न्यायिक अधिकारी असतात, त्यामुळे लेखी अर्जाची दखल घेतली जाते.

आणखी एक सवलत बऱ्याच वकिलांकडूनही सांगायची राहते. महाराष्ट्र शासनाच्या १ ऑक्टोबर १९९४ च्या अधिसूचनेनुसार पोटगी, मालमत्तेचा वाद, हिंसा आणि घटस्फोट या प्रकरणांत महिलांना न्यायालयीन शुल्क माफ आहे. खर्च उरतो तो टायपिंग, नोटरी, झेरॉक्स आणि येण्याजाण्याचा.

ऑनलाइन जाहिरात होणाऱ्या 'संमतीच्या घटस्फोटाच्या पॅकेज'विषयी: ती सगळीच वाईट नसतात, पण पैसे भरण्यापूर्वी त्या रकमेत काय-काय आहे ते लेखी घ्या. संमतीचा घटस्फोट दोन टप्प्यांत होतो आणि मध्ये सहा महिने जातात (तपशील पुढे आहे). दुसऱ्या टप्प्याची हजेरी, ते सहा महिने माफ करून मागण्याचा अर्ज आणि निकालाची प्रमाणित नक्कल या तीन गोष्टी हमखास बाहेर ठेवलेल्या असतात. दोघांना मिळून एकच वकील असेल तर निदान संमतीच्या अटी तरी तिने स्वतंत्र वकिलाला दाखवाव्यात. विधी सेवा प्राधिकरणाचा सल्ला त्यासाठी पुरेसा होतो, आणि तो फुकट आहे.

कुटुंब न्यायालय

जिथे वेगळं कुटुंब न्यायालय आहे, मुंबईत वांद्र्याला, पुण्यात शिवाजीनगरला, नागपूर, छत्रपती संभाजीनगर अशा शहरांत, तिथली व्यवस्था सामान्य दिवाणी न्यायालयापेक्षा स्पष्टपणे बरी आहे. जिथे नाही, तिथे अर्ज दिवाणी न्यायाधीश, वरिष्ठ स्तर यांच्यासमोर चालतो आणि समुपदेशकाची सोय सहसा नसते. पत्नीला ती सध्या राहते त्या ठिकाणी अर्ज करता येतो. २००३ च्या दुरुस्तीने ती सोय झाली. सासर नाशिकला आणि ती नोकरीसाठी ठाण्यात असेल तर तिने नाशिकला खेटे घालण्याचं कारण नाही.

परस्पर संमतीचा अर्ज हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३-ब खाली होतो. आधी किमान एक वर्ष वेगळं राहणं लागतं. वेगळं म्हणजे पती-पत्नी म्हणून न राहणं. एका छताखाली असूनही वेगळे असू शकतात, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच म्हटलं आहे. पहिला अर्ज दाखल झाल्यापासून सहा महिन्यांनंतर आणि अठरा महिन्यांच्या आत दुसरा टप्पा. समेटाची शक्यता संपली असेल, पोटगी आणि मुलांचा प्रश्न सुटला असेल आणि वेगळं राहून एकंदर दीड वर्ष उलटलं असेल, तर ते सहा महिने माफ करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. सप्टेंबर २०१७ मधल्या अमरदीप सिंग खटल्याच्या निकालाने हे ठरलं. पहिल्या टप्प्यानंतर आठवड्याने तसा अर्ज करता येतो. तो आपोआप मंजूर होत नाही, म्हणून वेगळं राहिल्याच्या तारखेचा पुरावा, भाडेकरार, नोकरीच्या बदलीचं पत्र, जोडावा.

कागदांचे किमान चार संच करा: न्यायालय, समुपदेशक, दोन्ही पक्ष. प्रत्येकात विवाह नोंदणीचा दाखला, तो नसेल तर लग्नपत्रिका आणि लग्नातला फोटो, दोघांची ओळखपत्रं, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, मूल असेल तर जन्मदाखला. नावाचं स्पेलिंग सगळीकडे जुळतं का ते एका मैत्रिणीने एका बैठकीत तपासून टाकावं. आधारवर सासरचं आडनाव, पॅनवर माहेरचं आणि विवाह दाखल्यावर तिसरंच, हा प्रकार नेहमीचा आहे. अर्जात "उर्फ" लावून दोन्ही नावं आली की पुढे बँकेत आणि पासपोर्टला त्रास होत नाही.

समुपदेशकाच्या भेटीविषयी गैरसमज फार. कुटुंब न्यायालय कायद्याच्या कलम ९ नुसार समेट होतो का हे पाहणं न्यायालयाचं कर्तव्यच आहे, त्यामुळे "एकदा विचार करा" हे वाक्य ऐकावं लागणार. तो दबाव नसून कामकाजाचा भाग आहे, हे आत जाण्याआधी तिला माहीत हवं. नाही तर ती तिथेच कोसळते. समुपदेशकासमोरचं बोलणं गोपनीय असतं, त्यांना साक्षीला बोलावता येत नाही. आरोपांची जंत्री वाचण्यापेक्षा तीन वाक्यं पुरतात: कधीपासून वेगळे आहोत, एकत्र राहणं का शक्य नाही, अटी ठरल्या आहेत का. ही वाक्यं घरी दोनदा मोठ्याने म्हणून घ्यावीत. हिंसा झाली असेल तर "मला वेगळं भेटा, समोरासमोर बसवू नका" अशी विनंती आधीच लेखी द्या. समुपदेशक चांगले असतील तर ही कुटुंब न्यायालयाची सर्वांत मोलाची सेवा आहे, कारण रेंगाळलेल्या अटी तिथे अर्ध्या तासात सुटतात.

तारखांसाठी 'ई-कोर्ट्स सर्व्हिसेस' ॲप वापरा. प्रकरणाचा सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक एकदा टाकून ठेवला की पुढची तारीख दिसते. मात्र नोंद कधीकधी उशिरा होते, म्हणून निघण्यापूर्वी त्याच दिवशीच्या बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीवर) किंवा वकिलांकडे खात्री करा. दुसऱ्या टप्प्याची तारीख मोजताना मे महिन्याची सुट्टी आणि दिवाळी लक्षात घ्या. सहा महिने नेमके सुट्टीत संपत असतील तर तिला आधीच सांगा. जोडीदार परदेशात असेल तर कुलमुखत्यारपत्र आणि व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने काम होऊ शकतं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली ते मान्य केलं आहे.

अटींचा कागद

संमतीच्या घटस्फोटासाठी दोघांमध्ये ठरलेल्या अटींच्या या कागदाला सगळ्यात जास्त वेळ द्या. निकालानंतर जे पश्चात्ताप होतात ते जवळजवळ सगळे या दोन-तीन पानांतून जन्मतात.

पैसे कधी मिळणार हे रकमेइतकंच महत्त्वाचं. दुसऱ्या टप्प्यापर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं. त्यामुळे सगळी रक्कम "निकालानंतर" लिहिणं तिच्यासाठी धोक्याचं, आणि सगळी आधी देणं त्याच्यासाठी. अर्धी पहिल्या टप्प्याला, अर्धी दुसऱ्या टप्प्याच्या दिवशी न्यायालयासमोर, ही पद्धत चालते. डिमांड ड्राफ्ट आणि चेक तीन महिनेच चालतात. पहिल्या दिवशीच दोन्ही ड्राफ्ट काढून ठेवले तर दुसरा सहा महिन्यांनी रद्दी होतो. दुसरा ड्राफ्ट तारखेच्या आठवड्यात काढायचा आणि त्याचा फोटो आदल्या दिवशी वकिलांना पाठवायचा, हे अटींतच लिहावं.

स्त्रीधनाची यादी "सर्व दागिने परत केले" एवढ्यावर संपवू नका. वस्तू, अंदाजे वजन ग्रॅममध्ये, बिल असल्यास क्रमांक, कुणाकडून मिळाली, आणि परत दिल्याची तारीख. ताबा घेताना सराफाकडे वजन करून त्याची चिठ्ठी घ्या, दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या. लॉकर संयुक्त असेल तर तो कोण, कधी, कोणासमोर उघडणार ते लिहा.

घराच्या कर्जाबद्दल मोठा गोंधळ होतो. "यापुढचे हप्ते पती भरेल" असं अटींत असलं तरी बँक त्या करारात नाही. तिचं नाव सहकर्जदार म्हणून राहिलं आणि त्याने हप्ता चुकवला तर तिचा सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीची पत दाखवणारा आकडा, पडतो. म्हणून "पती अमुक तारखेपर्यंत बँकेकडून पत्नीचं नाव सहकर्जदार म्हणून कमी करून घेईल" ही अट हवी, आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय दुसऱ्या टप्प्याला जाऊ नये. फ्लॅटमधला हिस्सा एकमेकांना द्यायचा असेल तर महाराष्ट्रात पती-पत्नीमधल्या निवासी मालमत्तेच्या बक्षीसपत्राला मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, वर स्थानिक अधिभार. निकालानंतर ते पती-पत्नी उरत नाहीत आणि ही सवलतही उरत नाही. म्हणजे हे काम त्या सहा महिन्यांतच उरकायचं.

मग बारीक पण महत्त्वाच्या गोष्टी: दहावी-बारावीची आणि पदवीची मूळ प्रमाणपत्रं, पासपोर्ट, लसीकरणाची वही, खासगी फोटो-व्हिडिओ नष्ट करण्याचं लेखी आश्वासन, एकमेकांवरचे सर्व खटले मागे घेण्याची तारीख. फौजदारी गुन्हा नोंदवलेला असेल तर तो नुसता "मागे" घेता येत नाही, उच्च न्यायालयात रद्द करून घ्यावा लागतो. त्याचा खर्च कोण करणार तेही लिहा. मूल असेल तर ताबा, सुट्ट्या, शाळेची फी, आजारपणाचा खर्च आणि पासपोर्टसाठी संमती, या पाच ओळी हव्यातच.

"यापुढे पोटगी मागणार नाही" हे वाक्य बहुतेक मसुद्यांत तयारच असतं. नोकरी नसलेल्या किंवा मूल सांभाळणाऱ्या मुलीने त्यावर घाईने सही करू नये. सुटकेची घाई असते तेव्हाच हे वाक्य मान्य केलं जातं. तिथे "आज नको, उद्या सकाळी वाचू" म्हणणारी मैत्रीण जवळ असायला हवी.

संमती जमत नसेल आणि खटला लढवायचा असेल तर अंतरिम, म्हणजे खटला चालू असतानाच्या, पोटगीचा अर्ज अगदी सुरुवातीला टाका. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानुसार पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असते, त्यामुळे उशिरा टाकलेला प्रत्येक महिना बुडतो. दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. ते लांबलचक आहे. महिन्याचा खर्च, भाडं, प्रवास, औषधं, आई-वडिलांना दिलेले पैसे, सगळं आकड्यांत. एका शनिवारी दोघींनी बसून बँकेच्या स्टेटमेंटवरून भरलं तर नीट होतं. वकिलाच्या टेबलावर आठवून भरलेले आकडे उलटतपासणीत टिकत नाहीत.

कोण सोबतीण, कोण साक्षीदार

हा फरक पहिल्या आठवड्यातच ठरवा. जिने मारहाणीच्या खुणा पाहिल्या, जिच्याकडे ती रात्री पळून आली, ती पुढे साक्षीदार होऊ शकते. तिने सुनावणीला आत बसू नये, अर्ज लिहायला मदत करू नये, आणि तिच्या फोनमधले त्या काळातले संदेश पुसू नयेत. फोन बदलायचा असेल तर जुना जपून ठेवा. इलेक्ट्रॉनिक पुरावा दाखल करताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं आणि मूळ उपकरण असलं की काम सोपं होतं.

तारखेला जाणारी सोबतीण दुसरी असू द्या. कुटुंब न्यायालयातली सुनावणी कोणत्याही एका पक्षाने मागितली तर बंद दाराआड होते, त्यामुळे ती बऱ्याचदा बाहेरच बसणार. तरीही तिची गरज आहे. साडेदहाला पोहोचायचं, बोर्डावर क्रमांक पाहायचा, पुकाऱ्याकडे कान ठेवायचा. मुलगी स्वच्छतागृहात असताना पुकारा झाला आणि कुणी उत्तर दिलं नाही तर प्रकरण पुढे ढकललं जातं किंवा गैरहजेरीची नोंद होते. पिशवीत मूळ ओळखपत्रं, दोन पेनं, झेरॉक्ससाठी सुटे पैसे, पाणी, चार्जर आणि डबा. बाहेर आल्यावर पुढची तारीख, पुढच्या वेळी काय आणायचं आणि आज काय सही केली, या तीन गोष्टी लगेच एका वहीत उतरवायच्या. ताणात माणसाला ऐकलेलं आठवत नाही. ही वही पुढच्या वर्षभरात सगळ्यांत जास्त उपयोगी पडते.

ग्रुपवर काय लिहिता ते जपा. "त्याला चांगला अडकव" असं एका मैत्रिणीने रागाच्या भरात टाकलेलं वाक्य समोरच्या वकिलाच्या हाती लागलं तर खऱ्या तक्रारीवरही संशय घेतला जातो. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराचं गुपचूप केलेलं ध्वनिमुद्रणही वैवाहिक खटल्यांत पुरावा म्हणून चालू शकतं असं म्हटलं आहे. नवऱ्याशी फोनवर बोलताना ती जे बोलेल ते रेकॉर्ड होतंय असं धरूनच बोलायला सांगा. शक्यतो लेखी, थोडक्यात.

फोनविषयी आणखी एक. सिमकार्ड नवऱ्याच्या नावावर असेल तर आधार, बँक, भविष्य निर्वाह निधी, सगळ्यांचे ओटीपी त्याच्या नियंत्रणात राहतात. आधी स्वतःच्या नावाचं सिम, मग आधार केंद्रावर जाऊन आधारचा मोबाइल क्रमांक, मग बँक आणि बाकीचं, हाच क्रम ठेवा. व्हॉट्सॲपमधली जोडलेली उपकरणं, गुगलचं लोकेशन शेअरिंग, फोन शोधण्याची सोय, सगळं तपासा. फोन मात्र बॅकअप घेतल्याशिवाय रिसेट करू नका; त्यात पुरावा असतो.

पैशांची मदत

मैत्रिणी उसने पैसे देतात आणि ते देण्याची पद्धत बहुधा चुकते. आयकर कायद्यानुसार वीस हजार किंवा त्याहून जास्त रकमेची उसनवारी रोखीत घेता येत नाही. बँकेतून द्या आणि शेरा लिहा: "हातउसने". शेरा नसलेली दर महिन्याची जमा समोरचा वकील "हिचं दुसरं उत्पन्न" म्हणून दाखवतो. चौघींनी मिळून मदत करायची असेल तर एकीनेच जमवून एका व्यवहारात दिलेलं बरं. प्रतिज्ञापत्रातल्या देण्यांच्या रकान्यात ती एकच ओळ येते.

खोलीसाठी अनामत आणि पहिल्या दोन महिन्यांचं भाडं, एवढा आधार उभा राहिला की बाकी बरंच सुटतं. भाडेकरार तिच्याच नावाने नोंदणीकृत करा; तोच वेगळं राहिल्याचा पुरावा होतो. नोकरी करणाऱ्या घटस्फोटित मुलींना 'सखी निवास' या सरकारी योजनेतल्या वसतिगृहांत जागा मिळू शकते.

१४४१६

टेली-मानस ही केंद्र सरकारची मानसिक आरोग्याची दूरध्वनी सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीतही. भाषा निवडली की प्रशिक्षित समुपदेशक बोलतात, आणि गरज असेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जोडून देतात. मध्यरात्रीच्या घबराटीसाठी ही सेवा चांगली आहे. श्वास सावरून देतात, घाई करत नाहीत. मर्यादा एवढीच की प्रत्येक वेळी तोच समुपदेशक मिळत नाही, म्हणून सगळी गोष्ट पुन्हा सांगावी लागते. नियमित उपचाराची जागा ती घेऊ शकत नाही. त्यासाठी टाटा समाजविज्ञान संस्थेची 'आयकॉल' ही मोफत सेवा आहे, किंवा ससून, केईएम, जे.जे. अशा सरकारी रुग्णालयांतला मानसोपचार विभाग, जिथे केसपेपरचा खर्च अगदी थोडा असतो.

दोन आठवडे झोप नाही, जेवण सुटलं, कामावर जाणं बंद, किंवा "मी नसते तर बरं झालं असतं" असं बोलणं आलं, तर ते मैत्रिणीने एकटीने पेलायचं काम नाही. त्याच दिवशी डॉक्टर. तोवर तिला एकटं सोडू नका, घरातल्या औषधांचा साठा आपल्याकडे घ्या.

रात्रींसाठी तीन-चार जणींनी आठवडे वाटून घ्या. त्या आठवड्यात जिची पाळी, तिचा फोन चालू. बाकीच्या शांत झोपतील. एकटीने सगळं ओढलं की सहाव्या-सातव्या आठवड्यात ती स्वतः थकून दूर होते, आणि नेमका तो काळ पहिल्या तारखेचा असतो. तिला "जेवलीस का?" विचारण्यापेक्षा डबा घेऊन जावं. सणांचे दिवस आधीच ठरवून ठेवा. पाडवा, भाऊबीज, वटपौर्णिमा आणि लग्नाचा वाढदिवस हे चार दिवस तिला सर्वांत जड जातात.

निकालानंतर

निकालाच्याच दिवशी नक्कल विभागात प्रमाणित प्रतींचा अर्ज द्या. चार प्रती घ्याव्यात. बँक, पासपोर्ट, सोसायटी प्रत्येक जण मूळ प्रत पाहायला मागतो. कुटुंब न्यायालयाने संमतीने दिलेल्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही.

आरोग्य विम्याचं काम खरं तर निकालाआधीच व्हायला हवं. नवऱ्याच्या कंपनीच्या पॉलिसीत तिचं नाव असेल तर घटस्फोटानंतर ते संरक्षण जातं. नव्या पॉलिसीला पहिले तीस दिवस अपघात सोडून दावा करता येत नाही, आणि आधीपासूनच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. म्हणून पहिल्या टप्प्यानंतरच्या महिन्यातच स्वतःची पॉलिसी घ्यावी. भविष्य निर्वाह निधी, विमा, मुदत ठेवी, म्युच्युअल फंड, डीमॅट, या सगळ्यांवरचे नामनिर्देशन बदलून घ्या. निकाल लागला म्हणून बँकेत किंवा फंडात नोंदवलेलं नाव आपोआप बदलत नाही, आणि बऱ्याच जणींच्या खात्यांवर ते वर्षानुवर्षं तसंच राहतं.

माहेरचं नाव पुन्हा लावायचं असेल तर आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं हे लक्षात ठेवून एकदाच नीट ठरवा. लग्नानंतर एकदा बदललं असेल तर आता एकच संधी उरली आहे. आधी आधार, मग पॅन, मग बँक, शेवटी पासपोर्ट. उलट क्रमाने गेलं की प्रत्येक कार्यालय "आधारवर वेगळं नाव आहे" म्हणून परत पाठवतं.